गायकवाडांचा समभुज त्रिकोण

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गायकवाड कोणाच्याही घरी गेले की आधी हॉलच्या मधोमध उभे राहतात आणि एकदाच खणखणीत टाळी वाजवतात. चपला दाराशी काढलेल्या, हातात सोसायटीची नोटीस नाहीतर कोणाच्या लग्नाची पत्रिका, चेहरा गंभीर, आणि टाळी. मग मान किंचित वाकडी करून ती टाळी कुठे कुठे जाऊन परत आली ते ऐकतात आणि घरमालकाला निकाल सांगतात.

"तुमची खोली खोटं बोलते."

मला हा निकाल मिळाला तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि तशीच लाटणं घेऊन बाहेर आले होते. तरी मी काही केलं नाही, याचं थोडं श्रेय मला द्यायला हरकत नाही.

"अहो गायकवाड, खोली कुठे बोलते? बोलताय ते तुम्ही," मी म्हटलं.

"बाई, मी एक टाळी दिली. तुमच्या खोलीनं साडेतीन परत केल्या. ही समोरची भिंत अगदी मोकळी आहे. तिथे काहीतरी मऊ टांगा."

"मऊ म्हणजे काय?"

"गोधडी."

हॉलमध्ये गोधडी टांगा म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालायला मला वेळ नव्हता. आत तव्यावर पोळी करपत होती.

मी बाई म्हणजे शाळेतली बाई. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. पोरांचे कान पिळून पिळून माझ्या बोटांना ती सवयच लागली आहे. कसबा पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही हडपसरला आलो, तेव्हा गॅलरीतून शेतं दिसायची आणि नातेवाईक म्हणायचे, "काय गं, एवढ्या लांब वनवासात?" मग आयटी पार्क आलं. शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या धावायला लागल्या, गळ्यात कार्ड अडकवलेली पोरंपोरी जिन्यातून पळत जायला लागली, आणि तेच नातेवाईक विचारायला लागले, "तुमच्याकडे एखादा फ्लॅट आहे का हो?" पुण्याच्या माणसाला जागेची किंमत नेहमी दुसऱ्यानं घेतल्यावर कळते.

गायकवाड आमच्याही आधीपासून इथे आहेत. उंची सहा फूट, अंगात बारा महिने पांढरा हाफ शर्ट. टेलिफोन खात्यात टेस्ट डेस्कवर होते. लोकांचे फोन बंद पडले की तक्रार यांच्याकडे यायची. हे रिसीव्हर कानाला लावायचे आणि नुसत्या खरखरीवरून सांगायचे, फॉल्ट घरात आहे, खांबावर आहे की जमिनीखाली. लाइनमन म्हणे यांचा शब्द घेऊनच खोदायला जायचे. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि एवढ्या तयार कानाला काही कामच उरलं नाही. गायकवाडांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. खुर्ची सुटली, पण खोड सुटली नाही. आजही आमचा पंखा कुरकुरला की ते समोरच्या दारातून ओरडतात, "बाई, फॉल्ट वरच्या बेअरिंगला आहे!"

त्यांचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. पाठीवर पोती वाहून त्यांनी मुलाला डिप्लोमापर्यंत शिकवलं. हे सांगताना गायकवाड आवाज खाली करत नाहीत, चांगला वर करतात. "माझा बाप हमाल होता, मी टेलिफोनमध्ये, माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर," हे वाक्य त्यांनी सोसायटीतल्या प्रत्येक माणसाला किमान दोनदा ऐकवलेलं आहे. मुलगी म्हणजे प्रज्ञा. शिकली, आणि समोरच्याच आयटी पार्कमध्ये नोकरीला लागली. गायकवाड आल्यागेल्याला गॅलरीत नेऊन दाखवायचे, "ती निळी काच दिसते? चौथा मजला. डावीकडून तिसरी खिडकी." गॅसवाल्याला सुद्धा ती खिडकी पाठ होती.

आणि दोन वर्षांनी एक दिवस प्रज्ञानं ती नोकरी सोडली. तिला सिनेमाच्या आवाजाचं काम शिकायचं होतं. मुंबईला जाऊन.

त्या दिवशी समोरच्या घरातून जे ऐकू आलं ते मी ऐकलं नाही असं म्हणणार नाही. दार उघडं होतं आणि माझेही कान काही वाईट नाहीत. "बापानं पोती वाहिली, मी उन्हातान्हात तारा जोडल्या, आणि ही एसीतली खुर्ची सोडून आवाज कमी-जास्त करायला निघाली? रेडिओचं बटण फिरवायला इंजिनिअर लागतो?" प्रज्ञानं बॅग उचलली आणि गेली. त्यानंतर आठ महिने बापलेकीत बोलणं नाही. तिचा फोन आला की गायकवाड उचलायचे, आवाज ऐकायचे आणि काही न बोलता रिसीव्हर बायकोकडे द्यायचे. गॅलरीत पाहुण्यांना नेणंही बंद झालं.

मग एकदा प्रज्ञा टेम्पोतून दोन काळे खोके घेऊन आली. स्टुडिओत वापरतात तसले स्पीकर, जुने, पण तिनं स्वतः घेतलेले पहिले. मुंबईत ती तिघींबरोबर एका खोलीत राहायची, तिथे पलंग मावत नव्हता तर स्पीकर कुठे मावणार? आईला म्हणाली, "माळ्यावर टाक. फक्त ऊन लागू देऊ नकोस." बापाला म्हणाली, "बरे आहात ना?" बाप म्हणाला, "हं." संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली.

स्पीकर माळ्यावर पडून राहिले असते. पण पुढे एक मराठी सिनेमा आला आणि शोभाताई, म्हणजे गायकवाडांच्या सौभाग्यवती, नवऱ्याला जवळजवळ ओढत थिएटरात घेऊन गेल्या. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठून उभे राहिले, आणि पडद्यावर नावं सरकायला लागली. गायकवाड सहा फूट असून चवड्यांवर उभे राहिले.

"मग? दिसलं का नाव?" दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

"दिसलं. गायकवाड नीट दिसलं. प्रज्ञावर एका माणसाचं डोकं होतं." मग म्हणाले, "पण बाई, तिनं नक्की केलं काय? अडीच तास कान लावून बसलो होतो. कोणाचं बोलणं तिचं, कोणता आवाज तिचा, काही कळेना. टेस्ट डेस्कवर एवढी वर्षं काढली, आणि स्वतःच्या मुलीचं काम ऐकू येत नाही मला."

त्याच दुपारी स्पीकर माळ्यावरून खाली आले.

आधी त्यांनी ते चार घरांत असतात तसे टीव्हीच्या दोन बाजूंना शोकेसवर ठेवले. पाच मिनिटं ऐकलं आणि जाहीर केलं, "फॉल्ट आहे." तारा बदलल्या. तरी फॉल्ट. मग सायबर कॅफेत जाऊन इंग्रजी कागदांचा हा एवढा गठ्ठा छापून आणला. शाळेतल्या पोरासारखं शब्दाशब्दाखाली पेन्सिलीनं अर्थ लिहून तो गठ्ठा वाचला. मध्येच एका दुपारी प्रज्ञा येऊन जेवून गेली, तेवढ्यापुरता गठ्ठा गादीखाली आणि स्पीकर परत माळ्यावर. आणि तिसऱ्या दिवशी गायकवाड माझ्या दारात उभे.

"बाई, फॉल्ट सापडला. स्पीकर खरं बोलतात. खोली खोटं बोलते."

तिथून हे वाक्य सुरू झालं.

"आणि आता मला एक समभुज त्रिकोण हवाय."

आयुष्यभर मी पोरांच्या मागे लागून समभुज त्रिकोण काढून घेतले. स्वतःहून मागायला आलेला हा पहिलाच माणूस. मी चपलासुद्धा न घालता गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं हे त्रिकोणाचे तीन कोन. तिन्ही बाजू सारख्या हव्यात. दोन्ही स्पीकर मागच्या भिंतीपासून सारखे दूर, बाजूच्या भिंतींपासूनही सारखे दूर, आणि तोंडं ऐकणाऱ्याकडे वळलेली. असं जमलं तर गाणारा माणूस बरोबर मध्ये उभा राहिल्यासारखा वाटतो, डावीकडे ना उजवीकडे. आम्ही सुतळीला गाठी मारल्या, फरशीवर खडूनं खुणा केल्या. शोभाताईंचा सोफा त्रिकोणाच्या बरोबर मध्ये येत होता. तो गॅलरीत गेला. टीपॉय आमच्याकडे आला, तो अजून आमच्याकडेच आहे. हॉलमध्ये उरली एक लाकडी खुर्ची.

"माझा सोफा गॅलरीत, माझे पाहुणे स्वयंपाकघरात," शोभाताई मला म्हणाल्या, "आणि हॉलमध्ये ही आरोपीची खुर्ची. बसा, बाई, तुम्ही काय गुन्हा केलाय?"

कसबा पेठेतल्या माझ्या ओळखीच्या सुताराकडून गायकवाडांनी स्पीकर ठेवायला दोन घडवंच्या करून आणल्या आणि हलू नयेत म्हणून त्यांच्या पोकळ पायांत वाळू भरली. त्रिकोण मापात बसला. आणि तरीही गाणारा माणूस मध्ये उभा राहीना. चार बोटं उजवीकडेच सरकलेला.

आठवडाभर आम्ही तो फॉल्ट शोधत होतो. गायकवाड जेवायचे नाहीत धड. मी तर त्रिकोणाचा पडताळा तीन वेळा काढला, कारण माझ्या भूमितीवर कोणी शंका घेतलेली मला चालत नाही. शेवटी मी विचारलं, "गायकवाड, मधली रेषा तुम्ही कुठून धरलीत?"

"कुठून म्हणजे? तसबिरीपासून."

समोरच्या भिंतीवर भगवान बुद्धांची मोठी तसबीर आहे. मी टेप लावून भिंत मोजली. तसबीर भिंतीच्या मध्यापासून चांगली हातभर बाजूला होती.

"झालं तर मग," मी म्हटलं, "तसबीर सरकवा."

गायकवाड माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना गाव सोडायला सांगितलं.

"बाई, या घरात आलो त्या दिवशी माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं तो खिळा मारलाय. पोती उचलून हात थरथरायचे त्यांचे. कोणाला मदत करू दिली नाही. तसबीर हलणार नाही."

"मग काय भिंत हलवणार?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच भिंत हलवली. एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत हातभर... नाही, हिशेब माझाच होता, हातभराच्या दुप्पट, दोन हात खोल असं प्लायवूडचं कपाट करून घेतलं आणि खोली तेवढी अरुंद केली. आता तसबीर बरोबर मध्यावर आली. स्पीकर लावले. गाणारा माणूस तसबिरीखाली येऊन नीट उभा राहिला. जगात लोक खोलीप्रमाणे तसबीर लावतात. तसबिरीप्रमाणे खोली करणारा माणूस आमच्या मजल्यावर राहतो, हे मी नंतर कितीतरी जणांना छाती फुगवून सांगितलं आहे.

पण खोटं बोलणारी खोली एवढ्यानं सरळ होत नाही म्हणे. आवाज बाजूच्या भिंतींवर आपटून कानात येतो, तो कुठे आपटतो ते शोधायचं. त्यासाठी गायकवाड खुर्चीत बसणार आणि दुसऱ्या कोणीतरी भिंतीलगत आरसा धरून सरकायचं. खुर्चीतून आरशात स्पीकर दिसला की ती आपटण्याची जागा. दुसरं कोणीतरी म्हणजे अर्थात मी. शोभाताईंच्या कपाटाचा आरसा छातीशी धरून मी इंच इंच सरकतेय, आणि गायकवाड ओरडताहेत, "पुढे... अजून पुढे... दिसला! हलू नका, बाई!" नेमके तेव्हाच आमचे हे मला शोधत तिथे आले. दोन मिनिटं बघत उभे राहिले, आणि काही न विचारता घरी जाऊन स्वतःचा चहा स्वतः करून प्याले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, त्यातला हा पहिला चहा.

जिथे जिथे आरशात स्पीकर दिसला तिथे तिथे गोधड्या लागल्या. कोपऱ्यांत आवाज घुमतो म्हणून तिथे छतापर्यंत जाड काहीतरी हवं होतं. गायकवाड मार्केट यार्डात गेले, वडिलांच्या वेळचा कोणीतरी भेटला, आणि रिक्षाभर गोणपाटं घेऊन आले. त्यात जुना कापूस ठासून कोपरे भरले. आवाज घुमायचा थांबला, पण ती गोणपाटं लसणाची होती. पुढे वर्षभर त्यांच्याकडे गाणं ऐकायला बसलं की हटकून भूक लागायची.

या सगळ्याचा बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेला मांडववाल्यानं दोन स्पीकर आणि माइक दिला, आणि अध्यक्ष म्हणाले, "आवाजाचं गायकवाड बघतील." गायकवाडांनी बघितलं. दुपारभर पार्किंगमध्ये सुतळी ताणून बसले होते. संध्याकाळी सभा सुरू झाली आणि अध्यक्षांचा आवाज सगळ्यांना रांजणातून आल्यासारखा घूं घूं ऐकू यायला लागला. फक्त तिसऱ्या रांगेतल्या मधल्या एका खुर्चीत तो म्हणे अगदी शुद्ध, दाणेदार ऐकू येत होता. त्या खुर्चीत सेक्रेटरींच्या सासूबाई बसल्या होत्या, आणि त्यांनी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं होतं. ठराव मांडला गेला. पुढच्या रांगेनं हात वर केले म्हणून मागच्यांनी केले. सर्वानुमते मंजूर! दुसऱ्या दिवसापासून पाणी फक्त पहाटे पाच ते सहा यायला लागलं, तेव्हा लोकांना कळलं आपण काय मंजूर केलं ते.

लोक तणतणत गायकवाडांकडे गेले. गायकवाड शांत. "मी त्या खुर्चीत बसून तपासलं होतं. एकदम बॅलन्स होता. तुम्ही चुकीच्या जागी बसलात."

मीही चिडले होते. पहाटे पाचला बादल्या भरताना मी त्यांचा काय उद्धार केला असेल तो इथे लिहिण्यासारखा नाही. संध्याकाळी भांडायलाच म्हणून गेले, तर ते हॉलमध्ये उकिडवे बसून डाव्या घडवंचीखाली पोस्टकार्डाचा तुकडा सरकवत होते.

"पुरे की आता, गायकवाड," मी म्हटलं. "एवढं कशासाठी? गाणं कुठूनही ऐकू येतं."

ते उठले नाहीत. खालीच बघत म्हणाले, "प्रज्ञा येईल ना, तेव्हा तिला या खुर्चीत बसवायचं. ती रोज असल्या खोल्यांत काम करते. तिला लगेच कळेल. ती एकदा म्हणाली, खोली बरोबर आहे, की झालं."

"काय झालं?"

"झालं," ते म्हणाले.

भांडायला गेलेली मी तशीच परत आले. आठ महिने गिळलेले शब्द या माणसाच्या तोंडून निघणार नव्हते, हे मला दिसत होतं. माफी मागायची म्हणून तो टेप घेऊन फरशीवर रांगत होता. आणि मुलीनं खुर्चीतून उठून नुसतं "छान आहे हं, बाबा" म्हटलं असतं, आपण लहान मुलाच्या चित्राला म्हणतो तसं, तर त्याचं सगळं मुसळ केरात. 

आणि प्रज्ञाचा फोन आला. रविवारी येते, एक दिवसासाठी.

शनिवारपासून आमच्या मजल्यावर आणीबाणी. गायकवाडांनी दारोदार जाऊन सांगितलं, रविवारी दहा ते अकरा कुकरची शिट्टी नको, मिक्सर नको, दार आपटायचं नाही. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, "का? राष्ट्रपती येताहेत का?" गायकवाड म्हणाले, "नाही, प्रज्ञा येतेय." ते असं सरळपणे म्हणाले की वरच्यांनी गप्प दार लावून घेतलं. आम्ही त्या दिवशी वरण-भात दोन वाजता जेवलो.

प्रज्ञा दहाच्या सुमारास आली. केस कापलेले, पाठीवर सॅक, डोळ्यांखाली काळं. दारातच थांबली. सोफा नाही, टीपॉय नाही, भिंतींवर गोधड्या, कोपऱ्यांत गोणपाटाचे खांब, आणि मध्ये तिचे स्पीकर. मी शोभाताईंना लसूण सोलू लागण्याच्या निमित्तानं तिथेच ठाण मांडलं होतं. अशा वेळी घरी बसवतं का कोणाला?

"आई, हे काय?"

"तुझ्या बापाला विचार," शोभाताई म्हणाल्या.

बाप गळ्यात शिंप्यासारखी टेप अडकवून दाराच्या चौकटीला टेकला होता.  ते नुसतं म्हणाले, "बस."

ती बसली. सॅकमधून एक सीडी काढली, लावली, डोळे मिटले. मी आयुष्यात हजारो पोरांचे पेपर तपासले, पण निकालाची अशी धाकधूक मला कधी वाटली नव्हती. पंखा बंद, फ्रिज बंद. गायकवाडांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते तो पुसतही नव्हते. दहा मिनिटं गेली. प्रज्ञानं डोळे उघडले आणि बापाकडे हात पुढे केला.

"टेप द्या."

तिनं डावीकडून मोजलं. उजवीकडून मोजलं. मागची भिंत मोजली. मी मनातल्या मनात माझा पडताळा पुन्हा एकदा केला. ती मग पुन्हा खुर्चीत बसली आणि तळहात आडवा करून कानापाशी धरला, उठून त्याच उंचीवर सरळ स्पीकरकडे नेला. स्पीकरच्या वरच्या भागात एक छोटा गोल असतो, बारीक, तीव्र आवाज त्यातून येतात. तो कानाच्या अगदी समोर लागतो, एक बोट वर नाही की खाली नाही. तिचा हात बरोबर त्या गोलावर जाऊन टेकला. ती गोंधळली. परत एकदा करून बघितलं. परत तिथेच.

"बाबा, इकडे बसा."

"मी कशाला? मी ऐकलंय."

"बसा हो."

गायकवाड बसले. सहा फुटांचा माणूस. त्यांचा कान त्या गोलाच्या चांगला वीतभर वर गेला.

"तुम्हाला तर हे नीट ऐकूच येत नसणार," प्रज्ञा म्हणाली. "घडवंची तुमच्या कानाच्या मापानं करायची ना?"

 गायकवाड खुर्चीतल्या खुर्चीत खाली घसरले. पाठ वाकली, गुडघे पुढे आले, मान पाठीच्या फळीवर टेकली, आणि तेव्हा कुठे कान त्या गोलासमोर आला. "असं बसलं की येतं," ते छताकडे बघत म्हणाले.

"रोज तासतासभर असेच बसतात," शोभाताई म्हणाल्या. "मग कंबर धरली म्हणून मी तेल चोळत बसते. अगं, मागच्या वेळी तू याच खुर्चीत जेवायला बसली होतीस, तेव्हा हे तुझ्या मागे टेप घेऊन उभे होते. मला वाटलं खिडकीच्या पडद्याचं माप घेताहेत. तुझा कान मोजत होते."

माझ्या हातातला लसूण खाली पडला. कोणी उचलला नाही. प्रज्ञा बापाकडे बघत उभी राहिली, तो तसाच घसरून बसलेला. मला वाटलं आता ही रडणार, आणि मग मलाही आवरणार नाही. पण पोरगी बापाच्या वळणाची. नाक ओढलं, सॅक उघडली आणि आतून सीड्यांचं एक जाड पाकीट काढलं.

"उद्या एक आख्खा सिनेमा द्यायचाय," ती म्हणाली. "मी पहिल्यांदाच एकटीनं केलाय. तिकडे दोन खोल्यांत ऐकला, दोन्हीकडे वेगळा वाटला. आता कोणाचं खरं मानायचं ते कळत नव्हतं. या खोलीवर माझा भरवसा आहे. इथे ऐकून, जे बदलायचं ते लिहून नेते. अडीच-तीन तास लागतील. चालेल, बाबा?"

"चालेल," गायकवाड म्हणाले, आणि इतक्या घाईनं उठले की खुर्ची हलली. ती त्यांनी पुन्हा खडूच्या खुणेवर नेऊन ठेवली.

आम्ही तिघं बाहेर आलो. शोभाताई माझ्या स्वयंपाकघरात गेल्या, कारण त्यांच्या घरात आता भांडं वाजवायची सोय नव्हती. गायकवाडांनी दार अलगद ओढून घेतलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. वरचे गृहस्थ पिशवी घेऊन खाली उतरत होते. "काय गायकवाड, घराबाहेर काढलं का?" त्यांनी विचारलं.

"हळू बोला," गायकवाड म्हणाले. "मुलगी काम करतेय."

ते गृहस्थ चवड्यांवर उतरून गेले. मी शेजारी पायरीवर बसले. मला या माणसाचा इतका अभिमान वाटत होता की नेहमीसारखं काहीतरी लागेलसं बोलावं म्हटलं तर एक शब्द सुचेना. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. प्रज्ञा हळू आवाजात ऐकते.

बऱ्याच वेळानं गायकवाडांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, ती भरवसा म्हणाली ना?"

खरखरीवरून जमिनीखालचा फॉल्ट ओळखणारा माणूस मला हे विचारत होता.

"म्हणाली," मी म्हटलं.

"या खोलीवर म्हणाली?"

"याच खोलीवर."

"तुम्ही ऐकलंत? स्वतः?"

"ऐकलं, गायकवाड. मी तिथेच होते."

त्यांनी मान हलवली, गळ्यातली टेप काढून नीट गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि आतल्या कामात व्यत्यय येऊ नये म्हणून अगदी आवाज न करता रडले.